बाहेरून कडी नसलेलं दार

असोदा
२४ एप्रिल १९८८

कमल,

वहिनीचं अक्षर पाहून तू पाकीट फोडायच्या आधीच घाबरशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते. सगळे खुशाल आहेत. बातमी वेगळी आहे. आम्ही काश्मीरला चाललो आहोत.

तुझे भाऊ पोस्टात आहेत म्हणून हे जमतंय. चार वर्षांतून एकदा सरकार कर्मचाऱ्याला घरच्यांसकट भारतात कुठेही जायचं भाडं देतं. मागच्या खेपेला केळीची लागण होती म्हणून ते तसंच गेलं. ह्या वेळी त्यांनी कोणाला न विचारता रिझर्वेशन करून आणलं आणि तिकिटं देव्हाऱ्यापुढे ठेवली. १९ मेच्या संध्याकाळी घर सोडायचं, जळगावहून झेलम एक्सप्रेस, ५ जूनला सकाळी परत. मी, तुझे भाऊ, चित्रा आणि नाना. चित्रा आमची मुलगी, आठ वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस.

जळगावात पारा चव्वेचाळीसवर आहे आणि मी ओसरीत बसून स्वेटर विणते आहे. घामाने लोकर बोटांना चिकटते. गल्लीतल्या बाया मुद्दाम बघायला येतात. शेजारची धुरपदाबाई तर रोज विचारते, "काव लता, उनानं शुद्ध हरपली का तुही?" नानांचा स्वेटर आधी झाला. त्यांनी तो दुपारी दोन वाजता घालून पाहिला, दहा मिनिटं बसले, नखशिखान्त भिजले आणि म्हणाले, "थोडा जाड पाहिजे होता."

ते आता दिवसभर काश्मीरचंच बोलतात. तिथे केळी होते का, बर्फाचं पाणी शेताला चालतं का, तिथल्या माणसांना ज्वारीचे बिबडे दिले तर खातील का. बहात्तर वर्षांचा माणूस, भुसावळच्या पलीकडे कधी गेला नाही. मला वाटतं आमच्या सगळ्यांत जास्त उड्या त्यांच्याच आहेत.

पण अडलं आहे, आणि ते तुझ्यापाशी येऊन अडलं आहे.

आपल्या दाराला बाहेरून कडी नाही, हे तुला आठवत असेल. आतून अडसर आहे, बाहेरून काहीच नाही. घर बांधलं तेव्हापासून ते एक दिवसही रिकामं राहिलं नाही. लग्नकार्याला सगळे गेले तरी कोणीतरी मागे राहायचंच. आता चौघंही निघणार म्हटल्यावर तुझे भाऊ म्हणाले, सुताराला सांगून कडीकोयंडा बसवून घेऊ. नानांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"कुलूप लावून जाचं असंन तं मी नाही येत. दिवा लागनीले उंबऱ्यात दिवा पाहिजे. आन् तो घरच्या मानसानं लावला पाहिजे."

मी म्हटलं, धुरपदाबाई लावेल. म्हणाले, "थे शेजारची."  उठताना पाठमोरे म्हणाले, "कमलले लिह."

तू आणि सुकदेव दारात येऊन परत गेलात त्याला जूनमध्ये नऊ वर्षं होतील. एवढ्या काळात ह्या घरात तुझं नाव मोठ्याने निघालं ते हेच.

म्हणून लिहिते. ये. सतरा दिवसांसाठी ये आणि घर सांभाळ. तू आलीस तरच नाना गाडीत बसतील.

एक विनंती आहे. आमच्या निघण्याच्या दिवशीच आलीस तरी चालेल. आणि त्या दिवसाचा विषय नानांपुढे काढू नकोस. त्यांना हल्ली लगेच दम लागतो. जुनं ते जुनं राहू दे.

तुझी वहिनी
लता


असोदा
४ मे १९८८

कमल,

तुझं उत्तर नाही. साक्रीला पत्र पोचायला फार तर तीन दिवस लागतात असं तुझे भाऊ म्हणतात, आणि पोस्टाच्या बाबतीत ते उगाच बोलत नाहीत. तेव्हा पत्र पोचलं आहे असं धरून लिहिते.

घर आवरायला घेतलं आहे. पसारा इतका आहे की आम्ही काश्मीरला निघालोत की घर विकतो आहोत ते कळत नाही. वर्षाचे गहू वर धाब्यावर वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरले. बिबडे, कुरडया, शेवया सगळं पंधरा दिवस आधी उरकलं. म्हैस माझ्या माहेरी पहूरला पाठवली. ती जाईना. चित्रा तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग पाच मिनिटांत मला विचारायला आली, काश्मीरच्या म्हशी पांढऱ्या असतात का.

धाब्यावर खारी माती टाकायची राहिली आहे. आम्ही ५ जूनला येऊ आणि दोन दिवसांत आभाळ फुटलं तर देव्हाऱ्यावरच गळेल. मजूर मिळत नाही. सगळे कापसाच्या शेताच्या तयारीला लागले आहेत.

काल रुपचंद मिस्त्री आला होता. तुझ्या उत्तराची खात्री नाही म्हणून तुझ्या भावांनी त्याला गुपचूप बोलावलं होतं. पण नाना उंबऱ्यातच पाट टाकून बसले.

मिस्त्री म्हणाला, "नाना, दोन भोकं पाडतो. फक्त दोन."

"तुह्या दाराले पाड चार."

"सागाचं दार आहे, त्याले काई होत नाही."

"दाराले नाई होत रे. मले होतं."

मिस्त्रीने चहा घेतला, कडी परत पिशवीत घातली आणि जाताना तुझ्या भावांना म्हणाला, "लीलाधर, बापाले घेऊन चालला का दाराले, ते ठरव आधी."

रात्रीच्या जेवणाला नाना मला म्हणाले, कमलचं काही आलं का. मी नाही म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली, जशी पोर परीक्षेला बसली आहे आणि निकाल लागायचा आहे. कमल, ते तुझी वाट पाहतात. हे मी तुला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही.

मला तिकडे जायचं आहे. मला बर्फ हातात घ्यायचा आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, मी असोदा, पहूर आणि जळगाव एवढंच पाहिलं. चित्राने पाटीवर दिवस लिहून ठेवले आहेत, रोज एक पुसते. आता पंधरा उरलेत. तू नाही म्हणालीस तर नाना राहतील, आणि नाना राहिले तर त्यांचं जेवणखाण करायला मी राहीन. मग बापलेक दोघंच जातील.

दोन ओळी लिही.

लता


असोदा
९ मे १९८८

कमल,

तुझं कार्ड आज आलं. दोनच वाक्यं आहेत, मला पाठ झाली.

पहिलं वाक्य वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. १६ तारखेपासून धोंड्याचा महिना लागतो. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, आणि आम्ही लेकीला एकटीला बोलावलं, तेही राखणीला. "असोद्यात लेकीचा धोंडा असा करतात हे माहीत नव्हतं" असं तू लिहिलंस. लिहायलाच पाहिजे होतंस.

तुला खरं वाटणार नाही, पण आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर मी स्वतः १९ तारखेभोवती लाल गोल काढला आहे. गल्लीत घरोघर अनारसे चालले आहेत, धुरपदाबाईने तीन जावयांचे शर्टपीस आणून मला दाखवले, मी त्यांचे रंगसुद्धा सांगितले. पण हा महिना आपल्यालाही आहे हे डोक्यात शिरलं नाही. मागे पंच्याऐंशी साली श्रावणात आला होता, तेव्हाही ह्या घरातून तसाच गेला. ह्या घराला जावई आहे हे आम्ही विसरून गेलो होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू.

नानांना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी कार्ड वाचायला सांगितलं. मी पहिलं वाक्य वाचलं. ते हसले, मग म्हणाले, "बरोबर बोलली. आपलंच चुकलं." आणि विचारलं, "बस? इतकंच?"

मी म्हटलं, इतकंच.

दुसरं वाक्य मी वाचलं नाही. "ज्या दारात नानांनी मला उभं राहू दिलं नाही, तिथे त्यांच्या नावाचा दिवा मी कसा लावू?"

दुपारपासून मी ह्या कागदापुढे बसून आहे. आता लिहून टाकते.

त्या दिवशी नानांनी दार लावायला सांगितलं नव्हतं.

सकाळी धुळ्याहून निरोप आला की तू कोर्टात लग्न केलंस. नाना तापले, आपल्यातला नाही, घरदार माहीत नाही, सगळं बोलले. तुझे भाऊ ड्यूटीवर होते. नाना जेवले नाहीत. मग पंप बघायला मळ्यात निघाले आणि ओट्यावरून मागे वळून मला म्हणाले, "आली तं बसव तिले. पानी दे. मी येतो."

मी बसवलं नाही. तू सुकदेवांना घेऊन गल्लीत शिरलीस ते मला खिडकीतून दिसलं. तुझी हिरवी साडी होती. मी अडसर लावला आणि आतून म्हणाले, नानांनी सांगितलंय, इथे यायचं नाही. तू दोनदा "वहिनी" म्हणालीस. मग तुमची पावलं लांब गेली.

नाना तासाभराने आले. त्यांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला गूळ होता. विचारलं, आली का? मी म्हटलं, दारापर्यंत आली आणि आत न येताच परत गेली.

का केलं, ते तुला ठाऊक असेल असं मला वाटायचं, पण नसेलही. माझ्या भावासाठी, बन्सीसाठी, तुझी मागणी घालायचं माझ्या आईने ठरवलं होतं. पहूरला चारचौघांत बोलणं झालं होतं. तुला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. निरोप आला तेव्हा मला वाटलं तू माझ्या माहेराच्या तोंडावर दार लावलंस, म्हणून मी ते लावलं. बन्सीचं दुसऱ्या वर्षी लग्न झालं, त्याला दोन मुलं आहेत, त्याला तुझं नावही आठवत नाही. नऊ वर्षं फक्त माझ्याकडे ते राहिलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की नानांपुढे तो विषय काढू नकोस, त्यांना दम लागतो. नानांना दम लागत नाही. ते अजून मळ्यात चालत जातात.

हे पत्र मी आजच पेटीत टाकते, उद्यावर ठेवलं तर फाडून टाकीन.

लता


असोदा
१३ मे १९८८

कमल,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ज्यांच्या हातून ते तुला मिळेल ते तुझ्यासमोर उभे असतील. त्यांना आधी पाणी दे, मग वाच.

काल नानांना सांगितलं. तुझे भाऊ समोर होते, चित्राला धुरपदाबाईकडे पाठवलं. मी सगळं सांगितलं, गुळासकट. ते खाटेवर बसून ऐकत होते. तुझ्या भावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं जमीन फाटावी. नानांनी त्यांना हाताने थांबवलं.

मग म्हणाले, "नऊ वर्सं मी म्हनू राह्यलो, पोरगी दारापोत आली आन् माह्या तोंडाकडे पाहाले थांबली नाई. गर्व आहे म्हटलं पोरीले."

मग स्वतःशीच म्हणाले,

"आन् थे म्हनत असंन, बापाले गर्व आहे."

मग त्यांनी मला काय विचारलं असेल? "साक्रीची गाडी किती वाजता?"

त्यानंतर जे घरात चाललं आहे ते काय सांगू. नाना स्वतः जळगावला जाऊन आले. सुकदेवांना पँट-शर्टाचं कापड, तुला साडी, आणि तुझ्या दोन्ही मुलांना काय घ्यावं ते कळेना, त्यांची वयंच माहीत नाहीत, म्हणून दुकानदाराला म्हणाले, "आठ वर्सांच्या आत जे असंन ते दे." साडी मी निवडू का विचारलं, तर नको म्हणाले. त्यांनी निवडली. रंग तुला आवडला नाही तरी नेस.

आज सकाळी सहाला धोतर नेसून तयार बसले. तुझे भाऊ म्हणाले, मी येतो सोबत, धुळ्याला गाडी बदलावी लागते. म्हणाले, "तू काश्मीरची गाडी सांभाळ. माह्या जावयाले बोलावाले मी जातो." भुसावळच्या पलीकडे न गेलेला माणूस पश्चिमेला एकटा निघाला आहे. पिशवीत नारळ आहे, बिबडे आहेत, आणि अंगात नवा शर्ट आहे ज्याची घडीची रेघ अजून मोडलेली नाही. मला ओट्यावरून त्यांच्याकडे बघताना रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

माझ्याशी ते कालपासून कामापुरतं बोलतात. माझ्या हातचा चहा घेतात. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही.

धोंडा १८ तारखेला. तुम्ही चौघं या. राखणीचं कोणी बोलणार नाही. आम्ही १९ला गेलो तर गेलो, नाही गेलो तर नाही. हे मी मनापासून लिहिते आहे, जरी चित्राच्या पाटीवर आता सहाच दिवस उरलेत.

लता


झेलम एक्सप्रेस, इटारसी सोडल्यावर
२० मे १९८८

कमल,

गाडी हलते म्हणून अक्षर असं येतंय. तुझे भाऊ हे पत्र भोपाळला टपाल डब्यात टाकणार आहेत. चित्रा खिडकीतून सरत नाही. तिने आतापर्यंत अकरा नद्या मोजल्या आणि प्रत्येक टेकडीला "हाच का हिमालय" म्हणून विचारलं. समोरच्या बाकावरचा एक फौजी तिला म्हणाला, "बेटी, अभी तो एमपी है." तेव्हापासून तिला एमपीचा राग आला आहे.

नानांच्या जागेवर आमच्या पिशव्या आहेत. तिकडे बघितलं की अजून वाटतं, ते आता संडासाकडून येतील आणि विचारतील, तिथी केळी होते का. १८ला रात्री जेवणं झाल्यावर ते म्हणाले, मी येत नाही. तुझे भाऊ समजावत राहिले. "सरकार चार वर्सांनी पुन्हा नेईन ना? तवा येईन. बर्फ कुठी जातो?" आणि तुझ्या धाकट्याला मांडीवर ओढून घेतलं. 

मी गाडीत बसून हसते आहे, कारण सकाळपासून मला एकच चित्र दिसतंय. धोंड्याचा जावई, पाटावर बसवलेला, ओवाळलेला, नवे कपडे घातलेला, आणि दुपारी पाहते तर धाब्यावर फावडं घेऊन खारी पसरतोय. खाली अंगणात नाना दोन्ही हात वर करून, "पाव्हनं, खाली या, लोक काय म्हनतीन!" आणि वरून, पाऊस आला तर सगळं घर गळेल म्हणून, सुकदेव त्यांच्या अहिराणीत, "नाना, पानी उनं ते बठ्ठं घर गयी. मी टाकस, तुम्ही बसा." धुरपदाबाई कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "नऊ वर्सांचा मान एकाच दिवशी मातीत घातला बापा ह्यानं." पण बोलताना तिच्या तोंडात आपल्याकडचाच धोंडा होता.

तू सगळ्यांशी बोललीस. भावाच्या गळ्यात पडलीस. चित्राची वेणी घातलीस. नानांच्या पायाशी बसून दोन तास काय बोललीस ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम विहिरीवर गेले होते. माझ्याशी बोलली नाहीस. १७ला तुम्ही आलात तेव्हापासून तीन दिवस मी वाढलं, तू जेवलीस, मी बाजूला झाले की तू चुलीशी आलीस. मी ते ठरवूनच होते, बोलणं झालं नाही तरी तक्रार करायची नाही.

काल आम्ही ट्रंक बाहेर काढत होतो. जीप दारात उभी होती. तू स्वयंपाकघरातून आलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तिखटाचा डबा कुठे असतो?"

मी म्हटलं, खालच्या फळीवर, पितळी डब्यामागे. आणि जीपमध्ये जाऊन बसले. तुझ्या भावांना वाटलं मी घर सोडायचं म्हणून रडते.

त्या घरात तू जन्मलीस. तिखट कुठे असतं हे तुला मला विचारावं लागलं. दार लावताना मला हे कळलं नव्हतं.

तेव्हा आता सगळंच सांगते, म्हणजे तुला कोणाला विचारावं लागणार नाही. साखर पत्र्याच्या मोठ्या डब्यात, वर मीठ लिहिलं आहे, मुंग्यांना आणि चित्राला फसवायला. मीठ बरणीत. नळाला एक दिवसाआड सकाळी पाणी येतं, आधी लाल येतं, ते वांग्यांना घाल. कूलरच्या टाकीत संध्याकाळी पाणी भर, नाना रागावतील, तरी भर. त्यांना रात्री उशाशी पाण्याचा तांब्या लागतो आणि तो भरलेला आहे ते हात लावून बघितल्याशिवाय ते झोपत नाहीत. तुझ्या आईची पैठणी माझ्या कपाटात सर्वांत खाली, पांढऱ्या कापडात. ती तुझ्यासाठी ठेवली आहे असं त्या जायच्या आधी म्हणाल्या होत्या. तेही मी तुला कळवलं नाही. काढून घे.

सुकदेवांची शाळा १३ जूनला उघडते असं ते म्हणाले. तुमचं १ जूनला निघायचं चाललं होतं. निघायचं असेल तर निघ, मी समजून घेईन. पण जमलं तर ५ तारखेपर्यंत थांब. आमची गाडी सकाळी येते. आम्ही गल्लीत शिरलो की नाना आणि मुलं तुझ्या भावांना आणि चित्राला आत नेतील, बर्फाचं विचारतील, गोंधळ होईल. होऊ दे. मी ओट्यावर बसून राहीन. चहा झाला की तू हाक मार. हाक मारलीस तर मी आत येईन.

लता